वाफ धरलेली लेन्स

तीनपैकी दोन पिरियड संपले होते. स्कोअर दोन-दोन. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजासाठी खेळ थांबला आणि माझ्या हातात जेमतेम पंचवीस मिनिटं होती.

तेवढ्यात मला पार्किंगमध्ये जाऊन बाबांना आत आणायचं होतं. स्टँडमध्ये पाचव्या रांगेत हिंद बसली होती. माझी नोकरी तिच्या हातात होती. मी दाराकडे पळताना तिनं मान वर करून पाहिलं. मी हात हलवून ‘आलेच’ अशी खूण केली. कॅमेरा गळ्यात तसाच होता.

चूक झाली ती इथेच. पण ती कळायला आधी थोडं मागचं सांगायला हवं.

मी अदिती. पासपोर्टवर जन्मस्थान अल खोबर. बाबा दम्मामच्या एका पाइप कारखान्यात अठ्ठावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. आम्ही मूळचे साताऱ्याचे, पण सातारा म्हणजे माझ्या लेखी दोन वर्षांतून एकदा महिनाभर जायचं ठिकाण. तिथे सगळे मला ‘सौदीची पाहुणी’ म्हणत. सौदीत मी अर्थातच ‘इंडियाची’. तिथे जन्म झाला म्हणून तिथलं होता येत नाही. इकामा म्हणजे राहायचा परवाना. आईचा आणि माझा इकामा बाबांच्या इकाम्याला टाचलेला. ते राहणार तोवर आम्ही राहणार, ते निघाले की आम्ही निघणार.

त्या डिसेंबरात बाबांना साठ पूर्ण होत होती. कंपनीनं आधीच सांगून टाकलं, यानंतर रिन्यू नाही. म्हणजे फायनल एक्झिट, कायमचं देश सोडणं. मला राहायचं असेल तर एकच वाट होती. कुठल्यातरी कंपनीनं मला नोकरी द्यायची आणि माझा इकामा स्वतःच्या नावावर करून घ्यायचा, म्हणजे माझी कफील व्हायचं.

मला राहायचं होतं. फार राहायचं होतं. का, असं कुणी विचारलं की मला धड उत्तर देता यायचं नाही. कॉर्निशवरचा, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावरचा खारट वारा, खालच्या बकाल्यातले, किराणा दुकानातले मल्याळी इक्का, जे मी सहा वर्षांची असल्यापासून मला ‘मोळे’, म्हणजे मुली, अशी हाक मारतात, आणि रिंकचा तो वास. रबर, ओले मोजे आणि थंडी यांचा मिळून एक वास असतो. आजही कुठे कोल्ड स्टोरेजच्या दारावरून गेले तरी क्षणभर थांबते.

घरी आईनं कार्गोची खोकी भरायला घेतली होती. प्रत्येक खोक्यावर मार्करनं ‘सातारा’ लिहायची. कुकर, मिक्सर आणि मोठी परात मात्र ओट्यावरच ठेवली होती. म्हणायची, “तुझं काय ते ठरू दे. राहिलीस तर तुला, नाहीतर शेजारच्या सलमाला.” रोज सकाळी चहा करताना तो कुकर माझ्याकडे बघायचा.

आता बर्फाबद्दल. ‘सौदीत बर्फ?’ हे मला आजवर इतक्या जणांनी विचारलंय की त्याला मी उत्तरसुद्धा देत नाही. मॉलमध्ये रिंक असते. बाहेर माणूस भाजून निघतो आणि आत लोक जाकीट घालून घसरत असतात. मी तिथल्या एका खासगी युनिव्हर्सिटीत फिल्ममेकिंग शिकत होते. दुसऱ्या वर्षी असाइनमेंटसाठी मॉलमध्ये कॅमेरा घेऊन फिरत असताना स्वतःपेक्षा मोठ्या बॅगा ओढत चाललेल्या सहा-सात मुली दिसल्या. मागे मागे गेले. त्या आइस हॉकी खेळायच्या. त्यांच्यातली एक होती रीम. गोलकीपर. दातांची डॉक्टर व्हायला शिकत होती आणि स्वतःचा एक दात पकनं पाडून घेतला होता. पक म्हणजे रबराची काळी चकती, या खेळातला चेंडू.

तीन वर्षं मी त्यांचे फोटो काढले. फुकट. मोबदला म्हणून रिंकवाले मला स्केट्स फुकट द्यायचे, आणि मी तीन वर्षांत कठडा न धरता एकदाही सरळ गेले नाही.

हे फोटो काढणं दिसतं तितकं सोपं नाही. कॅमेऱ्याला पांढरं काही दाखवलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला. मग तो सगळं काळवंडून टाकतो आणि बर्फ सिमेंटसारखा दिसतो. म्हणून उजेड आपण हातानं वाढवायचा. रिंकभोवती काच असते, तिच्यावर पकचे ओरखडे. त्यातल्या त्यात स्वच्छ तुकडा शोधून लेन्स तिथे टेकवायची आणि हलायचं नाही. पक डोळ्याला दिसतच नाही. खेळाडूच्या खांद्याकडे बघायचं, खांदा वळला की बटण दाबायचं.

आणि सगळ्यांत मोठा नियम पिशवीचा. तो मला रोमेलनं शिकवला. रोमेल मॉलचा फोटोग्राफर, मनिलाचा, कमी बोलणारा. खोबर समुद्राकाठी. सप्टेंबरात, म्हणजे फायनल होती त्या महिन्यात, बाहेरची हवा इतकी दमट असते की मॉलचं दार उघडलं की तोंडावर ओला टॉवेल पडल्यासारखं होतं. तासभर थंडीत राहिलेला कॅमेरा अशा हवेत नेला की काचेवर वाफ धरते, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरते तशी. वरून पुसता येते. आत शिरली तर अर्धा तास काही करता येत नाही. म्हणून बाहेर जायच्या आधी कॅमेरा झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालायचा, झिप लावायची, आणि बाहेर तो कोमट होईतो उघडायचा नाही. ज्युनियर मुलींना मी हा नियम बोट नाचवून शिकवत असे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

शेवटच्या सेमिस्टरची बारा मिनिटांची फिल्मही मी रीमवरच करत होते. तिची एकच अट होती: हेल्मेटशिवाय चेहरा दाखवायचा नाही. जाळीमागे जेवढी दिसेल तेवढी ती. मी म्हटलं चालेल. गोलकीपरचं अर्धं आयुष्य वाट बघण्यात जातं. सगळे पलीकडच्या टोकाला झुंजत असतात आणि ही इकडे एकटी, गुडघे वाकवून उभी. मला तेच शूट करायचं होतं. युनिव्हर्सिटीचा व्हिडिओ कॅमेरा ट्रायपॉडवर लावून मी तो तिच्यावर रोखून ठेवायचे आणि स्वतः फोटोला पळायचे.

या सगळ्यात नोकरी शोधणं चालू होतं. सकाळी कॉलेज, दुपारी एडिटिंग, संध्याकाळी रिंक, मधल्या वेळात सीव्ही पाठवणं. एका कंपनीनं विचारलं, अरबी लिहिता येतं का. बोलता येत होतं, लिहिता येत नव्हतं. दूर वाळवंटातल्या हफ्र अल बातिनच्या एका स्टुडिओनं नोकरी देऊ केली. काम पासपोर्ट साइझ फोटोंचं. मी त्यालाही हो म्हणाले, तर म्हणाले या तर खरं, इकाम्याचं नंतर बघू. बायकांच्या लग्नांत फोटो काढायला मुली हव्याच असतात, तिथेही बोलावणी आली. पण एका रात्रीच्या कामासाठी कोण कफील होतंय?

मग हिंदचा मेल आला. रियाधमध्ये तिची एजन्सी होती, खेळांच्या सामन्यांचे फोटो आणि व्हिडिओ करणारी. तिला बायकांच्या खेळांसाठी बाई फोटोग्राफर हवी होती आणि माझे हॉकीचे फोटो तिनं कुठेतरी पाहिले होते. फोनवर सरळ मुद्द्यावर आली. मुलींच्या लीगची फायनल खोबरला आहे, मी येतेय. सामना संपल्यावर वीस मिनिटांत मला दहा फोटो हवेत, कॅप्शनसकट. क्लायंटला आम्ही तसेच देतो.

“जिंकणारा गोल त्यात पाहिजे,” ती म्हणाली. “बाकी नऊ कसेही चालतील. दहा बरोबर आले तर इकाम्याचं काम आमचा माणूस रविवारी सुरू करेल.”

मी घरी सांगितलं. आईनं कुकर पुसून परत ओट्यावर ठेवला.

बाबा म्हणाले, “मी सोडतो तुला.” मला लायसन्स मिळून वर्ष झालं होतं, तरी रिंकवर सोडायला तेच यायचे. पण आत कधी नाही. प्रॅक्टिस फक्त बायकांसाठी असायची, तेव्हा प्रश्नच नव्हता. बाकीच्या वेळी म्हणायचे मला सायनस आहे, तू कर तुझं, मी गाडीत बरा आहे. तीन वर्षं त्या माणसानं पार्किंगमध्ये एसी लावून, चपला काढून, फोनवर जुन्या मॅच बघत माझी वाट बघितली. फायनल मात्र फॅमिलींना खुली होती. मी आठवडाभर मागे लागले होते. ते ‘बघू’ म्हणाले. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही.

मला त्यांनी एकदा बघायला हवं होतं. बस. डिसेंबरात काहीही होवो, मी काय करते ते त्यांनी एकदा काचेजवळ बसून बघावं असं मला वाटत होतं. ते कारखान्यात पाइपाला कान लावून कुठे चीर आहे ते सांगतात असं मी लहानपणी ऐकलं होतं, पण कधी पाहिलं नव्हतं. आता त्यांचं काम बघायची वेळ निघून गेली होती. माझं तरी त्यांनी बघावं.

सामना चांगला चालला होता. दोन पिरियडमध्ये माझ्याकडे नऊ फोटो पक्के जमले होते. रीमनं चार वेळा अंगावर पक घेतला, चारही वेळा मी खांदा बरोबर ओळखला. आमच्या लीगमध्ये वेळापत्रकच असं बसवलेलं असतं की दुसरी मधली सुट्टी इशाला येते. खेळाडू नमाजाला जातात, बर्फ गुळगुळीत करणाऱ्या मशीनचा ड्रायव्हरही आधी नमाज पढून येतो, मग मशीन फिरवतो. सुट्टी लांबते. मी हिशोब केला की जाऊन यायला दहा मिनिटं पुरे.

पिशवी माझ्या बॅगेत होती. बॅग बाकाखाली, चार पावलांवर. मी गेले ती तशीच गेले.

बाबा गाडीत नव्हते. गाडीबाहेर उभे होते, दार उघडं, पायात बूट, शर्ट पँटमध्ये खोचत. शेजारी पांढरा थोब, म्हणजे पायघोळ अंगरखा घातलेले एक उंच गृहस्थ. मला वाटलं एसी बिघडला असेल, म्हणून बाहेर आलेत. गृहस्थ म्हणजे रीमचे वडील, अबू सालेह. खमीस मुशैतचे, लष्करातून रिटायर झालेले. तेही मुलीला सोडून पार्किंगमध्येच बसायचे. तीन वर्षांत दोघांची चहाची ओळख झालेली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

मी धापा टाकत म्हटलं, “बाबा, चला. एकच पिरियड राहिलाय. नाही म्हणू नका.”

बाबांनी एकदा अबू सालेहकडे पाहिलं. मग म्हणाले, “चल.”

एवढ्या सहज. मला इतका आनंद झाला की मी तिथेच त्यांचा हात धरला आणि दोघांना ओढत निघाले. दाराशी बाबा थांबले. क्वालिटी इन्स्पेक्टर ते. माझ्या गळ्याकडे बघून म्हणाले, “काचेवर काय आलंय गं? पांढरं?”

मी खाली पाहिलं. लेन्स दुधाच्या ग्लासाच्या तळासारखी दिसत होती.

“काही नाही,” मी म्हटलं. “जाईल.”

गेलं नाही. आत येऊन पुसलं, परत धरलं. पुढची काच साफ झाली, पण आत धुकं तसंच. मी दोघांना तिसऱ्या रांगेत बसवलं. बाबा कुडकुडायला लागले म्हणून माझी ओढणी त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळली. मग मला वाटलं, हे दोघं असे शेजारी शेजारी पुन्हा कधी दिसणार? ट्रायपॉडवरचा व्हिडिओ कॅमेरा मी रीमवरून वळवला आणि त्यांच्यावर लावला. दोन मिनिटांसाठी, असं स्वतःला सांगितलं. मग लेन्स शर्टाच्या टोकानं पुसत, तिच्यावर फुंकर मारायचा मूर्खपणा करत, काचेपाशी जाऊन उभी राहिले. फुंकरेनं वाफ वाढते. हेही मी ज्युनियरना शिकवते.

तिसरा पिरियड सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला रीमच्या टीमनं पलीकडच्या टोकाला गोल केला. खांदा वळलेला मला दिसला. मी बटण दाबलं. एकामागून एक चौदा फ्रेम आल्या. चौदाच्या चौदा पांढऱ्या, मध्ये कुठेतरी करडा डाग.

नंतर गोल झालाच नाही. तीन-दोन. त्या गोलाला रीमनं आपल्या टोकाला एकटीनं हात वर केले होते. तोही क्षण कुणी टिपला नाही, कारण तिच्यावरचा कॅमेरा मी वळवून ठेवला होता. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

वीस मिनिटं सुरू झाली. मी बाकावर लॅपटॉप उघडून नऊ फोटोंच्या कडा कापल्या, कॅप्शन लिहिल्या, आणि दहाव्या जागेकडे बघत बसले. रोमेल बाजूला येऊन बसला. त्यानं माझी लेन्स बघितली, मग माझ्याकडे बघितलं. स्वतःचं कार्ड काढून माझ्या लॅपटॉपला लावलं. त्याच्याकडे गोल होता, स्वच्छ. काठी बर्फाला लागून वाकलेली, पक जाळीत, मागे तोंड उघडलेला स्टँड.

तो हळूच म्हणाला, “घे. मॉलला गोल नको असतो, त्यांना गर्दीचे फोटो लागतात. तुझं नाव टाक.”

खोटं कशाला बोलू, मी नाव टाइप केलं. माझं. वाचून बघितलं. छान दिसत होतं. ओट्यावरचा कुकर डोळ्यांसमोर आला. मला राहायचं होतं, कुणाला कळणार नव्हतं, ज्याचा फोटो तोच देत होता.

पण रविवारी कागद सुरू झाले असते, सोमवारपासून मी परत त्याच रिंकवर रोमेलला भेटले असते, आणि दर सामन्याला त्यानं माझी लेन्स बघितल्यासारखं करून नजर वळवली असती. असं राहणं मला नको होतं. मी माझं नाव पुसलं आणि त्याचं लिहिलं. मग व्हिडिओ कॅमेऱ्याचं कार्ड काढून गोलाच्या सेकंदाला काय आलंय ते बघितलं, आणि त्यातली एक चौकट शेवटी जोडली.

हिंदनं घड्याळ बघून लॅपटॉप ओढला. नऊ फोटो भरभर बघितले. दोनदा मान हलवली. दहाव्याला थांबली.

“हा तुझा नाही.”

“रोमेलचा आहे. गोल माझ्याकडे नाही. लेन्सवर वाफ धरली.”

“बाहेर का गेलीस?”

“काम होतं,” मी म्हटलं. वडिलांना आणायला गेले होते, असं एजन्सीच्या मालकिणीला सांगायचं कसं?

तिनं शेवटची चौकट उघडली. ओढणी गुंडाळलेले बाबा आणि अबू सालेह. खेळ दोघांनाही कळत नव्हता, त्यामुळे सगळा स्टँड उठला तेव्हा हे दोघं अर्धवट उठलेत. अबू सालेहनं बाबांचा हात घट्ट पकडलाय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे, आणि बाबा बर्फाकडे नाही, काचेपाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघतायत. हिंद बराच वेळ ते बघत होती. तिनं वडील कोण, हे विचारलं नाही. कळलं असावं.

“हा सगळ्यांत चांगला आहे,” ती म्हणाली. “पण क्लायंटला मी हा पाठवू शकत नाही. क्लायंटला गोल लागतो.”

रविवारी तिनं रोमेलला फोन केला. बाई फोटोग्राफर मिळेपर्यंत म्हणून त्याला घेतलं. तो आजही तिथेच आहे. मधून मधून मला फोटो पाठवतो, रियाध, तबूक, कुठून कुठून. खाली फक्त ‘बॅग’ असं लिहितो, म्हणजे ती झिपची पिशवी.

घरी मी सांगितलं की त्यांना लोकल मुलगी मिळाली. बाबा म्हणाले, “असतं बाई तसं.” दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा मोकळा होता. कुकर सलमाआंटीकडे गेला होता.

फिल्म मी पूर्ण केली. बारा मिनिटं रीम जाळीमागे वाट बघते, आणि शेवटी तिचा चेहरा दिसत नाही, तिच्या वडिलांचा दिसतो. त्याला त्यांची परवानगी रीमनंच आणली. परीक्षकांनी बी प्लस दिला. एकानं विचारलं, शेवटचा शॉट असा घ्यायचं कसं सुचलं? मी म्हटलं, सुचलं नाही, चुकलं.

डिसेंबरात आम्ही निघालो. विमानतळावर फायनल एक्झिटच्या रांगेत ऑफिसरनं माझा पासपोर्ट बघितला, जन्मस्थान बघितलं आणि विचारलं, “खोबरची?” मी हो म्हटलं. तो म्हणाला, “मा सलामा.” सुखरूप जा. मी विमानात रडले. आईनं रडू दिलं. बाबांनी हवाई सुंदरीकडून माझ्यासाठी दोन वेळा पाणी मागून घेतलं.

आता मी पुण्यात खेळांचे फोटो काढते. बॅडमिंटन, मॅटवरची कबड्डी, शाळांचे स्पोर्ट्स डे. एसी हॉलमधून पावसाळ्यात बाहेर पडताना कॅमेरा पिशवीत घालते. बरोबरची मुलं हसतात. नोकरी बरी आहे. हा देश माझा आहे, इथे मला कुणाच्या इकाम्यावर राहावं लागत नाही, हे मला कळतं. तरी दुपारी झोपले की अजून कधी कधी बर्फाच्या मशीनचा आवाज येतो.

हे लिहायला घेतलं तेव्हा साताऱ्याला गेले आणि बाबांना पहिल्यांदा खरं सांगितलं. लोकल मुलगी वगैरे काही नव्हतं. वाफ, पिशवी, गोल, रोमेल, सगळं सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

“म्हणजे मला आणायला आलीस म्हणून?”

“तसं नाही, बाबा. पिशवी विसरले म्हणून.”

ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “अगं, पण आम्ही निघालोच होतो.”

“कुठे निघाला होतात?”

“अबू सालेह म्हणाला, पोरी आत खेळतायत आणि आपण काय गाड्या राखतोय? मी बूट चढवले, शर्ट खोचला. दार लावणार, तेवढ्यात तू आलीस.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तू धावत आली होतीस,” बाबा म्हणाले. “किती खूश झालीस. कशाला सांगायचं?”

मी फोन केला असता तर ते म्हणाले असते, येतोय. पण मला फोन करायचाच नव्हता. गळ्यात कॅमेरा घालून त्यांच्यासमोर उभं राहायचं होतं. पिशवी मी विसरले असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. विसरले नव्हते. पिशवीत घातला असता तर कॅमेरा बाबांना माझ्या गळ्यात दिसला नसता.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगते. थंडीतून उकाड्यात जाताना कॅमेरा पिशवीत बंद करा. आणि कुणाला बोलवायला पळण्याआधी फोन करा. दोन्ही मी आता पाळते. पुण्यात कबड्डीची मॅच असली की सकाळी साताऱ्याला फोन लावते. बाबा म्हणतात, “निघालोच आहे.”